गळ्यातलं एसओएस बटण, हातातलं घड्याळ की शेजारच्या घरातली बेल?

सिमकार्डवर चालणारं एसओएस पेंडंट काडेपेटीएवढं असतं. मधोमध मोठं बटण, आत जीपीएस, माइक, स्पीकर आणि माणूस पडल्याचं ओळखणारा सेन्सर. बटण साधारण ३ सेकंद दाबून धरलं की साठवलेल्या नंबरांवर नकाशाच्या लिंकसह एसएमएस जातो, मग एकापाठोपाठ एक फोन लागत जातात. जाहिरातीत ते दोन्ही हात धड असलेल्या आजींच्या गळ्यात दिसतं. व्हीलचेअर, कुबड्या, पक्षाघात, बहिरेपणा यांपैकी काही असलं की त्याच यंत्राचं गणित निराळं होतं. त्यातून मुंबईचं घर म्हणजे चौदावा मजला, सेफ्टी डोअर, आतून कडी आणि मुलगा विरार लोकलमध्ये लटकलेला.

मत आधीच सांगून टाकतो. दिवसाचा बराचसा वेळ घरात जात असेल तर पहिली खरेदी शे-पाचशे रुपयांच्या वायरलेस बेलची करा. एकटं बाहेर पडणं होत असेल तर पेंडंट किंवा घड्याळ घ्या, पण ते पुढच्या चाचण्यांत पास झालं तरच.

पहिली चाचणी बोटांची. बटण चुकून दाबलं जाऊ नये म्हणून ते मुद्दाम खोलगट आणि कडक ठेवलेलं असतं. मस्क्युलर डिस्ट्रॉफीत, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर होत जाण्याच्या आजारात, किंवा संधिवाताने बोटं वाकलेली असताना ३ सेकंद दाब टिकत नाही. बोट सुटलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. काही यंत्रांत ही वेळ कमी करता येते, ती १ सेकंदावर आणावी. चुकून अलार्म जास्त वाजतील, पण गरजेच्या वेळी वाजेल तरी. हात कापत असतील तर एकदा दाबून चालू होणारं आणि १० सेकंदांत रद्द करता येणारं यंत्र बरं.

पक्षाघातात नेहमीचा घोटाळा म्हणजे घड्याळ चांगल्या हातात बांधलं जातं, मग ते दाबायचं कोणी? ते लुळ्या हातात बांधावं, म्हणजे चांगला हात मोकळा राहतो. याला अपवाद आहे: माणूस नेमका लुळ्या बाजूवर पडला तर तो हात अंगाखाली अडकतो. म्हणून या मंडळींना पेंडंट सोयीचं पडतं, आणि तेही दोरी आखूड करून छातीच्या मध्यावर. दोरी पोटापर्यंत लोंबली की व्हीलचेअरच्या पट्ट्यात नाहीतर जॉयस्टिकमध्ये गुंतते. दोरी झटका बसल्यावर सुटणारीच हवी. गोफ किंवा सोन्याच्या साखळीत अडकवून घालू नका, माणूस खुर्चीवरून घसरला आणि साखळी हँडलला अडकली तर गळ्याला फास बसतो. मज्जारज्जूच्या इजेमुळे मनगटाला संवेदना नसेल तर घड्याळाचा पट्टा रोज सोडून खालची त्वचा बघावी लागते. मुंबईच्या घामात पट्ट्याखाली कधी सोललं ते कळतही नाही.

मानेच्या वरच्या मणक्यांना इजा होऊन हात अजिबात चालत नसतील तर पेंडंटवर पैसे घालवू नका. तिथे आवाजावर चालणारा फोन किंवा स्पीकर, नाहीतर डोक्याने, हनुवटीने दाबायचा मोठा स्विच लागतो. असा स्विच ३.५ मिलिमीटरच्या जॅकने जोडतात आणि बाजारातल्या सरसकट पेंडंटांना तो जॅक नसतो. आवाजाची सोय घ्यायची तर पलंगापासून आणि बाथरूमच्या दारातून, पंखा आणि टीव्ही चालू ठेवून, ती ऐकते का ते तपासा.

आता ‘ऑटोमॅटिक फॉल डिटेक्शन’. खोक्यावर हे शब्द सर्वांत मोठ्या अक्षरांत असतात आणि अपंगांच्या बाबतीत भरवसा सर्वांत कमी यावरच ठेवावा. सेन्सर शोधतो ते असं: क्षणभर खाली कोसळणं, मग जोराचा आदळ, मग अंगाची बदललेली दिशा आणि त्यानंतरचा निश्चलपणा. उभा माणूस धाडकन पडला तर हे सगळं जुळतं. व्हीलचेअरवरून माणूस पडतो तो बहुतेकदा घसरत, हळूहळू, पाय पुढे आणि पाठ सीटच्या कडेला घासत. आदळ होतच नाही आणि यंत्र गप्प राहतं. उलट खुर्चीवरून पलंगावर जाताना धप्पकन बसलं की ते बोंब मारतं. सेरेब्रल पाल्सीतल्या स्नायूंच्या झटक्यांनी किंवा कुबडी निसटून भिंतीवर आपटली तरीही. संवेदनशीलता कमी-जास्त करता येते, पण वाढवली की खोटे अलार्म वाढतात आणि आठवड्याभरात घरचे फोन उचलायचे बंद होतात. व्हीलचेअर वापरणाऱ्यांनी हा सेन्सर जोडीला ठेवावा, भरवसा बटणावर ठेवावा. फिट येऊन उभ्या उभ्या कोसळणाऱ्यांना मात्र त्याचा खरोखर उपयोग आहे, कारण त्या क्षणी बटण दाबायला भान नसतं.

घड्याळांत ॲपल वॉचमध्ये ही सोय २०१८च्या सिरीज ४ पासून आहे. वय ५५ किंवा जास्त नोंदवलेलं असेल तर ती आपोआप चालू असते, कमी वयाच्या माणसाने सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते आणि तिथे ‘फक्त व्यायाम करताना’ ऐवजी ‘नेहमी’ निवडावं लागतं. पडल्यावर साधारण १ मिनिट हालचाल नसेल तर घड्याळ आपण होऊन आपत्कालीन नंबरला फोन लावतं आणि नंतर ठरवलेल्या लोकांना ठिकाण कळवतं. घड्याळ मनगटावर आहे का ते ओळखण्याची सेटिंग (रिस्ट डिटेक्शन) बंद असेल तर हा आपोआप फोन लागत नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. व्हीलचेअरची नोंद केली तर घड्याळ पावलांऐवजी चाकांचे ढकलणे मोजतं. दोन अडचणी: किंमत पंचवीस-तीस हजारांच्या घरात, आणि स्वस्त मॉडेलला स्वतःचं सिम नसल्यामुळे आयफोन जवळ लागतो. फोन हॉलमध्ये चार्जिंगला आणि माणूस इमारतीच्या गच्चीवर, असं असेल तर घड्याळ नुसतं घड्याळ. शिवाय ते रोज चार्ज करावं लागतं.

पेंडंटचं खरं दुखणं सिममध्ये आहे. नावाला ४जी असलेली काही यंत्रं डेटा ४जीवर पाठवतात आणि आवाजाचा फोन मात्र २जीवरच लावतात. जिओकडे २जी नाहीच, तिथे आवाज व्होल्टीवरच, म्हणजे ४जीवरूनच चालतो, म्हणून अशा यंत्रातून जिओच्या सिमवर एसएमएस गेला तरी फोन लागणार नाही. एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएलवर चालू शकतं. विकत घेताना ‘व्होल्टी आहे का’ एवढंच न विचारता आपल्या सिमवर प्रत्यक्ष फोन लावून बघा. मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडच्या दुकानात हे काउंटरवरच करता येतं, ऑनलाइन घेतलं तर परत करण्याची मुदत संपण्याआधी करा.

मग रिचार्ज. यंत्र बंद पडण्याचं सर्वांत साधं कारण म्हणजे व्हॅलिडिटी संपलेली असते आणि कोणाच्या ध्यानात नसतं. बाहेर जाणारा फोन आणि एसएमएस दोन्ही थांबतात, दिवा मात्र हिरवा लुकलुकत राहतो. डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने कंपन्यांना डेटाविना नुसते फोन-एसएमएसचे रिचार्जही ठेवायला सांगितलं. ठिकाण एसएमएसने पाठवणाऱ्या यंत्राला तसा रिचार्ज पुरतो. ॲपवर ठिकाण दाखवणाऱ्याला डेटा लागतोच. फक्त कंपनीच्या सर्व्हरवरून चालणारं यंत्र टाळावं: वर्गणी थकली किंवा कंपनीने गाशा गुंडाळला की त्याचा पेपरवेट होतो.

सिम बसवल्यावर चार कामं लगेच उरका. पासवर्ड बदला, बऱ्याच यंत्रांचा तो १२३४५६ असतो. आपोआप फोन उचलण्याची सोय फक्त साठवलेल्या नंबरांपुरती ठेवा, नाहीतर कर्जवाल्या कंपनीचा फोनही तुमच्या छातीवर उघडतो आणि घरातलं बोलणं ऐकतो. ज्यांना फोन जाणार त्यांच्या मोबाइलमध्ये यंत्राचा नंबर ‘बाबा एसओएस’ अशा नावाने सेव्ह करून आवडत्या नंबरांत टाका, म्हणजे ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू असतानाही वाजू शकेल (नुसत्या सायलेंटवर मात्र नाही) आणि अनोळखी म्हणून ब्लॉक होणार नाही. आणि त्यांच्या फोनवरचा व्हॉइसमेल बंद करा. यंत्राला वाटतं फोन उचलला गेला, आणि ते पुढच्या नंबराकडे जातच नाही.

नंबरांचा क्रम नात्याने लावू नका, अंतराने लावा. पहिला नंबर ५ मिनिटांत दारात उभा राहील अशाचा: शेजारच्या काकू, खालच्या मजल्यावरचे दादा. पुण्याचा मुलगा चौथा. ११२ पेंडंटमध्ये आपोआप लागणारा नंबर म्हणून घालू नका, खोटे अलार्म थेट नियंत्रण कक्षात जातील. ११२ला आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ला फोन करायचा तो आलेल्या माणसाने, परिस्थिती बघून.

ठिकाणाच्या लिंकवरही फार विसंबू नका. उंच इमारतींच्या काचांवरून उपग्रहाचे संकेत परावर्तित होतात, त्यामुळे लोअर परळसारख्या भागात बिंदू पलीकडच्या गल्लीत उमटतो. भूमिगत मेट्रो ३मध्ये तर उपग्रह दिसतच नाही. घरात असताना यंत्र बऱ्याचदा शेवटचं सापडलेलं ठिकाण पाठवतं, म्हणून एसएमएसमधली वेळ आधी वाचायला घरच्यांना शिकवा. आणि मजला ते कधीच सांगत नाही. त्यासाठी एसएमएसचा मजकूर स्वतः लिहून ठेवता येणारं यंत्र घ्या: इमारत, विंग, मजला, खोली, किल्ली कोणाकडे, ‘बोलता येत नाही’ किंवा ‘व्हीलचेअरवर’ असं एक वाक्य. लोकलमध्ये लिंक पोचेपर्यंत गाडी पुढच्या स्टेशनात असते. अपंगांच्या डब्यात अडचण आली तर रेल्वेचा १३९ जास्त कामाचा.

मदत आली तरी दार उघडलं पाहिजे. एकटं असताना आतून कडी किंवा साखळी लावायची सवय सोडावी लागते. नाइट लॅच पुरे, त्याची एक किल्ली शेजारी, एक सोसायटीच्या ऑफिसात, सहीनिशी. सेफ्टी डोअरला वेगळं कुलूप असेल तर त्याचीही. वॉचमनच्या शिफ्ट बदलतात, तेव्हा किल्ली त्याच्या खिशात नको. बाथरूमचं दार आणखी वाईट. तीन बाय पाचच्या जागेत दार आत उघडतं आणि पडलेला माणूस त्यालाच आडवा असतो, बाहेरून ढकलता येत नाही. सुताराकडून दार बाहेर उघडणारं करून घ्या, नाहीतर सरकतं बसवा. तोवर आतून कडी नको.

म्हणून बेलचा आग्रह. बाजारातल्या साध्या वायरलेस डोअरबेलचं बटण दुहेरी टेपने कमोडच्या बाजूला जमिनीपासून एक फूट उंचीवर चिकटवा, दुसरं पलंगाजवळ. घंटेचा भाग शेजारच्या घरातल्या प्लगमध्ये लावा, अर्थात त्यांना विचारून. सिम नाही, रिचार्ज नाही, पासवर्ड नाही. खोक्यावर १०० मीटर लिहिलेलं असलं तरी आरसीसीच्या दोन-तीन भिंतींतून पल्ला बराच घटतो, त्यामुळे दारं बंद करून वाजवून बघा. दोन घरांत एकच मॉडेल असेल तर दुसऱ्याच्या दूधवाल्याने तुमची घंटा वाजते, तेव्हा कोड नव्याने शिकवता येणारी बेल घ्या. बटणातला सीआर २०३२ किंवा १२ व्होल्टचा छोटा सेल वर्षातून एकदा न विसरता बदला.

ऐकू न येणाऱ्यांसाठी पेंडंटचा स्पीकर निरुपयोगी. अलार्म गेला हे थरथरीने कळलं पाहिजे आणि फोनआधी एसएमएस गेला पाहिजे, नाहीतर पलीकडच्याला तो ब्लँक कॉल वाटतो. अंध व्यक्तीसाठी उलट: नुसत्या दिव्यांच्या खुणा असलेलं यंत्र नको, बटणावर उंचवटा हवा, आणि ॲपमधली बटणं टॉकबॅकने (अँड्रॉइड फोनमधली स्क्रीन वाचून दाखवणारी सोय) नावासह वाचली जातात का ते घेण्याआधी तपासा. तसं अँड्रॉइड १२ पासून पुढच्या बऱ्याच फोनांत पॉवर बटण पटापट ५ वेळा दाबून एसओएस लावता येतो. फोन कायम कमरेला असेल तर वेगळं यंत्र घेण्याआधी हे वापरून बघायला हरकत नाही.

चार्जिंगची वेळ आंघोळीची ठेवू नका. बहुतेक घरांत नेमकं तेच होतं, आणि पडण्याची जागा तर तीच. ब्युरोकडून सेवेला येणाऱ्या मावशी किंवा घरचं कोणी समोर असतं त्या तासात चार्ज करा. यंत्रावर आयपी६७ (पाणी-धूळ रोखण्याचा दर्जा) लिहिलेलं असेल तर बादलीच्या पाण्याची भीती नाही, साबण आणि गिझरची वाफ मात्र स्पीकरच्या जाळीत शिरते. दर मिनिटाला ठिकाण पाठवण्याची सोय चालू ठेवली की बॅटरी दिवसभरही टिकत नाही, ‘विचारल्यावरच’ वर ठेवा. पावसाळ्यात चार्जिंगच्या पितळी टोकांवर घामाने आणि दमटपणाने हिरवट थर चढतो आणि डॉकवर ठेवूनही चार्ज होत नाही. दर आठवड्याला कापसाला स्पिरिट लावून ती पुसा, कोरडी झाल्यावरच डॉकवर ठेवा.