मिराबेग्रॉन ५०, सहा महिन्यांनंतर: गोळी कुणाला, वही सगळ्यांना

मिराबेग्रॉन म्हणजे अतिसंवेदनशील मूत्राशयावरची, म्हणजे वारंवार आणि घाईने लागणाऱ्या लघवीवरची गोळी; ५० म्हणजे ५० मिलिग्रॅम. पहिल्या पंधरवड्यात तिला नावं ठेवू नयेत. पूर्ण परिणाम दिसायला आठ आठवडेही लागतात आणि 'काही फरक नाही' म्हणून ती बंद होते ती नेमकी त्याआधी. गोळी हळूहळू विरघळणारी आहे, त्यामुळे तोडायची किंवा चावायची नाही.

लघवीची तपासणी करून जंतुसंसर्ग नाही याची खात्री झाली की तीन दिवसांची वही. आकडे असलेला मग बाथरूममध्ये ठेवा. वेळ, किती मिली, घाई किती, कपडे ओले झाले का, काय प्यायलं, एवढं लिहा. दर खेपेला १००-१५० मिली आणि दिवसात दहा-बारा खेपा असतील तर गोळीला वाव आहे. दर खेपेला ४०० मिली येत असेल तर मुळात लघवीच जास्त तयार होतेय. साखर तपासा. डॅपाग्लिफ्लोझिन हे मधुमेहाचं औषध चालू असेल तर ते लघवीवाटे साखर काढतं, सोबत पाणीही. तिथे मिराबेग्रॉन काय करणार?

वयस्कर माणसाची चोवीस तासांतली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त लघवी रात्रीच होत असेल, तर रात्रीच्या त्या उठण्यावरही गोळीचा फारसा उपयोग नाही. संध्याकाळी पाय सुजत असतील तर दुपारी तासभर पाय उशीवर ठेवून पडावं, म्हणजे साठलेलं पाणी झोपेआधीच निघून जातं. झोपेत श्वास अडकत असेल तरी रात्रीची लघवी वाढते, म्हणून जोरात घोरणाऱ्यांनी झोपेतल्या श्वासाची तपासणी करून घ्यावी.

याच त्रासावरचं दुसरं औषध, सोलिफेनासिन, स्वस्त म्हणून आधी मिळतं, पण तोंड कोरडं पडतं. मग माणूस घोटघोट पाणी पितो आणि खेपा होत्या तेवढ्याच! त्यात बद्धकोष्ठ, आणि भरलेलं आतडं मूत्राशयाला आणखी चिथावतं. विसरभोळेपणा सुरू झालेल्यांना ते नकोच. अरुंद कोनाचा काचबिंदू असेल तरही नको. मिराबेग्रॉनची अडचण वेगळी: रक्तदाब १८०/११० च्या घरात असेल तर ते चालत नाही, आणि मेटोप्रोलॉल या रक्तदाबाच्या औषधाचा परिणाम त्याने वाढतो. पुरुषांनी सुरू करण्याआधी सोनोग्राफीत लघवीनंतर किती उरते ते पाहावं.

चहाही मूत्राशयाला चिथावतो, पण तो एकदम तोडला की डोकं दुखतं. तीन-चार दिवसांनी एकेक कप कमी करा. पाणी मात्र तोडू नका, घट्ट लघवी जास्त टोचते. वजनाचा फायदा खरा आहे: २००९ च्या अमेरिकी अभ्यासात सहा महिन्यांत सरासरी ८ टक्के वजन उतरलेल्या स्थूल बायकांत गळतीचे प्रसंग ४७ टक्के घटले, तुलनेच्या गटात २८. खोकताना-शिंकताना होणाऱ्या गळतीत तो जास्त दिसला, घाईच्या गळतीत कमी.

कुलपात किल्ली घालताच लघवीची कळ आली तर धावू नका. जागीच थांबून लघवी रोखून धरणारे खालचे स्नायू पाच-सहा वेळा झटकन आवळा-सोडा, कळ ओसरली की चालत जा. दोन खेपांमधलं अंतर दर आठवड्याला १५ मिनिटांनी वाढवा.

तिसऱ्या महिन्यात वही पुन्हा लिहा. दर खेपेचे १२० चे १६० मिली झाले असतील तर गोळी चालतेय, माणूस 'तसंच आहे' म्हणत असला तरी.