बेसबॉल सॅव्हंट: कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर परतणाऱ्या पिचरची पारख

ऐरोलीतल्या आमच्या कार्यालयात दहा जणांची एक फॅन्टसी बेसबॉल लीग चालते, म्हणजे खऱ्या खेळाडूंचे कागदावर संघ करायचे आणि त्यांच्या सामन्यांतल्या आकड्यांवर गुण मिळवायचे. आमचे ग्राहक अमेरिकेतले. त्यांच्याशी रोजच्या बोलण्यातून हा खेळ आमच्यात रुजला आणि आता आम्ही तो मनापासून खेळतो. पैसे लावत नाही. हंगाम संपला की शेवटच्या क्रमांकावर राहिलेल्याने बाकीच्या नऊ जणांना ठाण्यात मामलेदारची मिसळ खाऊ घालायची, एवढीच अट असते. या लीगसाठी मी वापरत असलेल्या साधनांपैकी सविस्तर लिहावे असे एकच आहे: बेसबॉल सॅव्हंट, म्हणजे मेजर लीग बेसबॉलचे स्वतःचे आकडेवारीचे संकेतस्थळ. ते विनामूल्य आहे आणि त्यासाठी खाते उघडावे लागत नाही. त्याची सगळी अंगे मी येथे तपासणार नाही. मोठ्या दुखापतीतून सावरणारा पिचर (बेसबॉलमधला गोलंदाज) आपल्या संघात ठेवावा की सोडावा, हे ठरवताना त्याची किती मदत होते, एवढाच माझा विषय आहे.

क्रिकेट पाहणाऱ्यांसाठी आधी दुखापतीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. वेगवान गोलंदाजाचा हात चेंडू सोडताना जवळजवळ सरळ असतो, कोपर 15 अंशांपेक्षा जास्त सरळ करण्यास नियमानेच मनाई आहे, त्यामुळे मुख्य ताण पाठीवर आणि पुढच्या पायावर येतो. बुमराहच्या पाठीवर मार्च 2023 मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि ऑगस्टमध्ये तो आयर्लंडमध्ये पुन्हा गोलंदाजी करू लागला. पिचरचे कोपर मात्र वाकलेले असते, खांद्याबरोबर हाताचा पुढचा भाग मागे झुकतो आणि मग चाबकासारखा पुढे येतो. प्रत्येक चेंडूला कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध ताणला जातो आणि एक दिवस तो फाटतो. शरीरातला दुसऱ्या जागचा स्नायुबंध काढून तेथे बसवण्याची शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी सप्टेंबर 1974 मध्ये टॉमी जॉन या पिचरवर प्रथम केली. जॉनने पुढचे पूर्ण वर्ष गमावले, 1976 मध्ये तो परतला आणि पिचर म्हणून त्याच्या नावावर लागलेल्या 288 विजयांपैकी 164 त्यानंतरचे आहेत. तेव्हापासून त्या शस्त्रक्रियेला त्याचेच नाव आहे. सावरायला साधारण 12 ते 18 महिने लागतात. फॅन्टसी संघाच्या मालकाची खरी परीक्षा ते महिने संपल्यानंतर सुरू होते, कारण पिचर परतला म्हणजे तो पूर्वीइतका उपयोगी झाला असे होत नाही.

येथेच सॅव्हंट कामाला येते. मेजर लीगच्या सर्व 30 मैदानांवर 2015 पासून स्टॅटकास्ट ही मोजणीची यंत्रणा आहे, आणि 2020 पासून तिच्या मागे हॉक-आय कंपनीचे कॅमेरे आहेत. पायचीतच्या निर्णयात आपण जो हॉक-आय पाहतो, त्याच घराण्यातले हे कॅमेरे. माझ्या बाबांना मी हे सांगितले तेव्हापासून त्यांचाही या पानांवर विश्वास बसला. प्रत्येक चेंडूचा वेग, फिरकी, तो किती इंच वळला, हातातून कोणत्या बिंदूला सुटला, 2024 पासून हाताचा कोनसुद्धा, हे सगळे सामना चालू असतानाच पानावर उमटते.

मी 2025 च्या हंगामात लॉस एंजेलिस डॉजर्सकडून पिचिंग आणि फलंदाजी दोन्ही करणाऱ्या शोहेई ओतानीला पिचर म्हणून घेतले होते. आमच्या लीगच्या नियमानुसार पिचर ओतानी आणि फलंदाज ओतानी हे दोन वेगळे खेळाडू धरले जातात, आणि फलंदाज ओतानी माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याकडे होता. त्याला वर्षभरात 55 होमरन (बेसबॉलमधले षटकार) मिळाले. माझा ओतानी मात्र सप्टेंबर 2023 मधल्या कोपराच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेतून सावरत होता, त्यात नोव्हेंबर 2024 मध्ये डाव्या खांद्यावरही शस्त्रक्रिया झालेली. अडचण अशी की, फलंदाज म्हणून तो रोज खेळत असल्यामुळे मेजर लीगच्या जखमींच्या यादीत त्याचे नाव नव्हते, म्हणून आमच्या लीगमधली जखमींसाठीची राखीव जागा त्याला देता येत नव्हती. मार्चच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत त्याने बाकावरची एक जागा अडवली आणि मला एकही गुण दिला नाही.

तो परतला 16 जूनला, सॅन डिएगो पाद्रेस या संघाविरुद्ध. आपल्याकडे 17 तारखेची पावसाळी सकाळ होती. लॉस एंजेलिसमधला संध्याकाळचा सामना आपल्या पावणेआठच्या सुमारास सुरू होतो, म्हणजे डबा भरण्याच्या वेळेला. मी ओट्यावर फोन टेकवून सॅव्हंटचे थेट पान उघडून ठेवले होते. एक इनिंग (तीन फलंदाज बाद होईपर्यंतचा डाव, सामन्यात प्रत्येक संघाचे असे नऊ), 28 चेंडू, दोन हिट (फलंदाज चेंडू मारून बेसवर पोहोचला), एक धाव. आमच्या लीगच्या हिशेबाने हा वाईट दिवस होता, ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावा, थेट 9. पण त्याच पानावर एका चेंडूपुढे 100.2 मैल, म्हणजे ताशी 161 किलोमीटर, असा आकडा होता. मी पोळ्यांचा तवा बंद करून तो पुन्हा वाचला. 21 महिन्यांनंतर आणि दुसऱ्यांदा दुरुस्त केलेल्या कोपरातून तो वेग आला होता. त्याला सोडायचे नाही, हे मी त्या आकड्यावर ठरवले, आणि गुणफलक पाहून ठरवले असते तर निर्णय उलटा झाला असता.

पुढचा भाग धीराचा होता. रोज फलंदाजी करणाऱ्या ओतानीला सराव-पुनरागमनासाठी खालच्या लीगमध्ये पाठवणे डॉजर्सला शक्य नव्हते, म्हणून इतर पिचर जी तयारी तिकडे करतात ती त्याने मेजर लीगच्या मैदानातच केली. आधी दोनदा एक-एक इनिंग, मग दोनदा दोन-दोन, मग तीन, मग चार. सुरुवातीच्या पिचरला विजय मिळण्यासाठी किमान पाच इनिंग टाकाव्या लागतात. ओतानीने पाच इनिंग प्रथम पूर्ण केल्या त्या 27 ऑगस्टला, आपल्या अकराव्या सामन्यात, आणि विजयही त्याच दिवशी मिळाला. म्हणजे पहिल्या दहा सामन्यांत तो कितीही चांगला खेळला असता तरी विजयाच्या रकान्यात माझ्या वाट्याला काहीच येणार नव्हते. परतणाऱ्या पिचरच्या फॅन्टसी किमतीबद्दल माझे मत यातूनच पक्के झाले: त्याच्याकडून आधी स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज) मिळतात, नंतर ईआरए सुधारतो, विजय सगळ्यात शेवटी येतात. ज्या लीगमध्ये विजयाऐवजी क्वालिटी स्टार्ट मोजतात, म्हणजे किमान सहा इनिंग आणि पिचरच्या खात्यावर जास्तीत जास्त तीन धावा, तिथे तर ओतानीने पूर्ण हंगामात केवळ एकदा, 23 सप्टेंबरला, ती रेषा गाठली.

त्याच्या आठवडाभर आधीचा फिलाडेल्फियाविरुद्धचा सामना मी विसरणार नाही. आपल्याकडे 17 सप्टेंबर, बुधवार. मी घरून निघाले तेव्हा ओतानीने एकही हिट दिलेला नव्हता, आणि पाचवी इनिंग संपली तेव्हा मी ठाणे स्थानकात वाशीच्या गाडीची वाट पाहत उभी होते. 68 चेंडू, शून्य हिट. थेट पानावर शेवटच्या इनिंगमधल्या चेंडूंचा वेग पहिल्या इनिंगइतकाच दिसत होता. तरीही ठरलेल्या योजनेप्रमाणे त्याला बाहेर काढण्यात आले, पुढच्या पिचरांनी आघाडी घालवली आणि डॉजर्स हरले. गाडी दिघा गाव सोडेपर्यंत विजय गेलेला होता. मला वाईट वाटले, पण राग आला नाही, कारण ज्या संघाने 21 महिने त्या कोपराची काळजी घेतली होती त्याने 68 व्या चेंडूवर ती सोडून द्यावी अशी अपेक्षा मी करणे योग्य नव्हते. हंगामअखेर त्याचा हिशेब असा झाला: 14 सामने, 47 इनिंग, 62 स्ट्राइकआउट, ईआरए 2.87, विजय 1. धनत्रयोदशीच्या सकाळी त्याने मिलवॉकीविरुद्ध 10 स्ट्राइकआउट घेतले आणि स्वतः तीन होमरनही मारले, परंतु तो प्लेऑफचा सामना होता आणि आमची लीग तोपर्यंत संपलेली होती.

आता जिथे मी चुकले त्याविषयी. मायामीचा सँडी अल्कांतारा 2022 मध्ये एकमताने साय यंग हा सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार मिळवलेला पिचर. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याची टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली आणि 2025 मध्ये तो परतला. ओतानीच्या अनुभवामुळे मी त्याच्याही पानावर फक्त वेग पाहिला. वेग जवळजवळ पूर्वीसारखाच होता, म्हणून मी त्याला ठेवले, आणि हंगामाच्या मध्यावरच्या ऑल-स्टार विश्रांतीपर्यंत त्याचा ईआरए सातच्या वर गेल्यावर वैतागून सोडले. उत्तरार्धात त्याचा ईआरए साडेतीनच्या आत होता, ते गुण दुसऱ्याच्या संघाला मिळाले. त्याच पानावर थोडे खाली गेले असते तर खरी गोष्ट दिसली असती. सुरुवातीच्या महिन्यांत तो वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फलंदाजाला मिळणारा फुकटचा बेस) भरपूर देत होता, चेंडू हव्या त्या जागी पडत नव्हते. वेग परतला होता, ताबा परतायचा होता. नव्या अस्थिबंधाला ताकद लवकर येते, बोटांची जुनी सवय उशिरा. म्हणून आता मी वेगाच्या आधी महिनावार वॉकचे प्रमाण पाहते, मग चेंडू सुटण्याच्या बिंदूंचा नकाशा. त्या नकाशातले ठिपके एका मुठीत मावतील असे दाटलेले असतील तर पिचर सावरला आहे असे मी धरते. ते विखुरलेले असतील तर थांबते.

वेगच परतत नाही असेही घडते. अटलांटाच्या स्पेन्सर स्ट्रायडरने 2023 मध्ये 281 स्ट्राइकआउट घेतले तेव्हा त्याच्या फास्टबॉलची सरासरी 97 मैलांच्या वर होती. एप्रिल 2024 मधल्या शस्त्रक्रियेनंतर 2025 मध्ये ती साडेपंच्याण्णवच्या आसपास आली आणि ईआरए 4.45 झाला. याउलट टेक्सासचा जेकब डीग्रॉम 99 वरून साडेसत्त्याण्णवच्या जवळ आला, तरी त्याने त्याच वर्षी 30 सामन्यांत 2.97 ईआरए राखला आणि अमेरिकन लीगमधला पुनरागमनाचा पुरस्कार मिळवला. दोघांनाही मैल-दीड मैल गमवावा लागला. डीग्रॉमकडे स्लायडर (उशिरा बाजूला वळणारा वेगवान चेंडू) आणि अचूकता होती. सॅव्हंटच्या पानावर दोघांची वर्षे एकाखाली एक ठेवून हे दहा मिनिटांत समजते.

या संकेतस्थळाचा सगळ्यात उपयुक्त आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा भाग म्हणजे ट्रिपल-ए, म्हणजे मेजर लीगच्या लगेच खालच्या, लीगचे सामने. जखमींच्या यादीतला पिचर मेजर लीगमध्ये येण्यापूर्वी खालच्या लीगमध्ये काही सामने खेळतो, आणि 2023 पासून ट्रिपल-एच्या सर्व मैदानांवरची चेंडूगणिक मोजणी सॅव्हंटवर दिसते. तेथील धावा-विकेटींसारख्या निकालाकडे दुर्लक्ष करावे आणि तीन गोष्टी पाहाव्यात, असा माझा परिपाठ आहे: मागच्या सामन्यापेक्षा चेंडू किती वाढले, शेवटच्या दहा चेंडूंचा वेग पहिल्या दहांइतका आहे का, आणि स्लायडर तो मोकळेपणाने टाकतो आहे का. आमच्या लीगमधले बाकीचे लोक बातमीची वाट पाहत असतात, तेव्हा हे पान एक-दोन दिवस आधीच बरेच सांगून जाते.

मर्यादा थोड्या आहेत, पण नव्याने येणाऱ्याला त्या माहीत असाव्यात. दुखापतीची बातमी, परतण्याची तारीख किंवा फॅन्टसीचा सल्ला येथे मिळत नाही. मापे मैल आणि इंचात आहेत, भाषा इंग्रजी आहे आणि रकान्यांची संक्षिप्त नावे सरावानेच कळतात. खेळाडूच्या पानावरचे लाल-निळे गोल, जे त्याचे लीगमधले स्थान दाखवतात, ते पुरेसे फलंदाज खेळवून झाल्याशिवाय भरत नाहीत, आणि नुकत्याच परतलेल्या पिचरच्या बाबतीत ते भरले तरी दोन-तीन सामन्यांवर त्यांच्यावर विसंबू नये. कोपर दुखते आहे का, हे कॅमेरा सांगू शकत नाही. टँपा बेचा पिचर शेन मॅक्लॅनहन ऑगस्ट 2023 मधल्या शस्त्रक्रियेनंतर 2025 च्या सराव शिबिरात परतला, हंगामाच्या तोंडावर त्याच्या दंडातल्या नसेचा त्रास उद्भवला आणि ते वर्षही गेले.

एवढे असूनही, ज्याला परतणाऱ्या पिचरवर जागा खर्च करायची आहे त्याने सॅव्हंट उघडल्याशिवाय ती करू नये, असे मी आग्रहाने म्हणेन. 2026 च्या हंगामासाठी माझ्यापुढे न्यूयॉर्क यँकीजच्या गेरिट कोलचा प्रश्न आहे. 2023 चा साय यंग विजेता, 11 मार्च 2025 रोजी टॉमी जॉन शस्त्रक्रिया, पूर्ण हंगाम गेलेला. 12 ते 18 महिन्यांचा हिशेब मांडला तर तो मार्च ते सप्टेंबर 2026 च्या दरम्यान कुठेतरी येतो. ओतानीसारखी अडचण येथे नाही, तो जखमींच्या यादीत असेल तोवर राखीव जागेत बसेल. म्हणून ड्राफ्टच्या (हंगामापूर्वी खेळाडू निवडण्याच्या) शेवटच्या फेऱ्यांत कोणी घेतला नसेल तर मी त्याला घेणार आहे, आणि त्याच्या पहिल्या ट्रिपल-ए सामन्याच्या सकाळी वॉकचा रकाना आधी उघडणार आहे.