शेअर्ड होस्टिंग की व्हीपीएस: रात्री सर्व्हर कोण उठवणार?

साइट रांगायला लागली की पहिला सल्ला ठरलेला असतो, 'व्हीपीएस घेऊन टाक.' व्हीपीएस म्हणजे सर्व्हरचा फक्त तुमच्यासाठी वेगळा काढलेला तुकडा. मी बऱ्याच साइट्स व्हीपीएसवर नेल्या आहेत आणि त्यातल्या काही गुपचूप शेअर्डवर परतही आणल्या आहेत. म्हणून आता कुणी विचारलं की मी आधी सीपॅनेल, म्हणजे होस्टिंगचं नियंत्रणाचं पान, उघडायला लावतो.

शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर शेकडो खाती असू शकतात. एकानेच सगळा सीपीयू ओरबाडू नये म्हणून प्रत्येकाला मर्यादा घातलेली असते. बऱ्याच ठिकाणी त्यासाठी सर्व्हरवर क्लाउडलिनक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टम असते आणि सीपॅनेलमधल्या 'रिसोर्स युसेज'च्या पानावर ती मर्यादा किती वेळा गाठली गेली ते दिसतं. तिथला 'एंट्री प्रोसेसेस'चा आकडा नीट बघा. समजा तो २० आहे. याचा अर्थ साइटवर २० माणसंच मावतात असा नाही. एका क्षणी पीएचपीच्या, म्हणजे पान तयार करणाऱ्या कोडच्या, २० विनंत्या चालू राहू शकतात, एवढंच. एक विनंती ०.२ सेकंदात संपत असेल तर सेकंदाला १०० निघतात. तीच ४ सेकंद रेंगाळत असेल तर ५ निघतात, आणि गर्दी झाली की लोकांना मर्यादा संपल्याची ५०८ एरर दिसायला लागते.

आता गंमत बघा. 'रिसोर्स युसेज'चा आलेख मर्यादेच्या जवळपासही नाही आणि तरी साइट हळू आहे, तर दुखणं होस्टिंगचं नाहीच. एखादं प्लगइन, कॅशिंगचा (एकदा तयार झालेलं पान साठवून तेच देण्याचा) अभाव, इंडेक्स नसल्याने सगळं टेबल चाळणारी डेटाबेसची क्वेरी, असलं काहीतरी निघतं. तीच क्वेरी व्हीपीएसवरही तुमच्याबरोबर येते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

'अनलिमिटेड' या शब्दावरही विसंबू नका. जागा अनलिमिटेड असली तरी आयनोड, म्हणजे फायलींची संख्या, बहुधा मोजलेली असते. कॅशच्या फायली आणि जुन्या मेल्स ती कधी भरून टाकतात ते कळतही नाही.

व्हीपीएसवर मेमरीचा ठरलेला वाटा तुमचा असतो, आणि रूट, म्हणजे सर्व्हरवरचे सगळे अधिकार, तुमच्या हातात येतं. रेडिस हा मेमरीतला डेटाबेस बसवा, नोडचं (सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टचं) अ‍ॅप चालवा, रांगेतली कामं मागे उरकणारा क्यू वर्कर दिवसभर चालू ठेवा. जास्त वेळ चालणारी प्रोसेस शेअर्डवर बहुधा मारली जाते, त्यामुळे अशा कामाला तिथे पर्यायच उरत नाही. सीपीयू मात्र बहुतेक व्हीपीएसवरही वाटूनच मिळतो. सर्व्हरवर काय चाललंय ते दाखवणाऱ्या टॉप कमांडमध्ये 'एसटी'चा आकडा सतत वर दिसत असेल तर शेजारी तुमचा वेळ खातोय, हे समजा.

रूटबरोबर बाकीचंही गळ्यात पडतं. नवा सर्व्हर सुरू करून थोड्या वेळाने ऑथ लॉग, म्हणजे लॉगिनच्या प्रयत्नांची नोंद, उघडा. रूटच्या नावाने पासवर्ड आजमावणारे बॉट तोवर पोचलेले असतात. एसएसएच की (पासवर्डऐवजी वापरायची किल्लीची फाइल), पासवर्ड लॉगिन बंद, फायरवॉल, आपोआप होणारे सुरक्षा अपडेट्स, हे पहिल्याच दिवशी उरकायचं. सर्व्हरसाठीचं सेंटओएस ८ हे लिनक्स खरं तर २०२९पर्यंत चालायचं होतं. ते २०२१च्या शेवटी बंद झालं. व्हीपीएसवाल्यांनी रात्री जागून सर्व्हर बदलले. शेअर्डवरच्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता.

माझी स्वतःची फजिती सांगतो. १ जीबी मेमरीच्या व्हीपीएसवर मी पीएचपी-एफपीएमचं 'मॅक्स चिल्ड्रन', म्हणजे एका वेळी चालणाऱ्या पीएचपी प्रोसेसची कमाल संख्या, २० ठेवलं होतं. प्रत्येक प्रोसेस साधारण ६० एमबी खात होती. म्हणजे गर्दीच्या वेळी नुसत्या पीएचपीलाच १२०० एमबी लागणार. गर्दी रात्री दोनला झाली आणि लिनक्सने मेमरी मोकळी करायला सगळ्यात मोठी प्रोसेस निवडली: मायएसक्यूएल, म्हणजे साइटचा डेटाबेस. सिस्टमडी (बंद पडलेल्या सेवा पुन्हा सुरू करणारा प्रोग्राम) त्याला उठवत होतं, लिनक्स पुन्हा मारत होतं. सकाळी कर्नलच्या लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी'च्या ओळींची रांग होती. आकडा ६वर आणला, स्वॅप, म्हणजे मेमरी अपुरी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा, जोडला, प्रश्न मिटला. शेअर्डवर हा हिशेब दुसरंच कुणीतरी करत होतं, हे मला तोवर जाणवलंच नव्हतं.

मॅनेज्ड व्हीपीएस, म्हणजे सर्व्हर कंपनीनेच सांभाळायचा, हा मधला मार्ग चांगला आहे, पण 'मॅनेज्ड'मध्ये काय येतं ते लेखी विचारा. कित्येकदा ऑपरेटिंग सिस्टमचे अपडेट्स ते करतात आणि वर्डप्रेस तुमच्यावर सोडतात.

तेव्हा माझं मत असं: माहितीपर साइट, ब्लॉग, फॉर्मपुरती साइट असेल तर शेअर्डवरच राहा आणि कॅशिंग सुधारा. दुकान चालवताय, कॅशिंग लावूनही मर्यादा रोज गाठली जातेय, किंवा सतत चालणारी प्रोसेस हवी आहे, तर हला. टर्मिनलची भीती वाटत असेल आणि हाताशी कुणी नसेल, तर मॅनेज्डच घ्या, नाहीतर शेअर्डचाच वरचा प्लॅन.

हलायचं ठरलंच, तर मेल हलवू नका. बऱ्याच व्हीपीएस कंपन्या मेल पाठवायचा, म्हणजे बाहेर जाणारा २५ नंबरचा पोर्ट बंद ठेवतात. नव्या आयपीला, म्हणजे सर्व्हरच्या पत्त्याला, पत नसते, आणि फेब्रुवारी २०२४पासून जीमेल एसपीएफ किंवा डीकेआयएम या पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या खुणांशिवाय आलेल्या मेलला उभं करत नाही. मेल जुन्या ठिकाणी किंवा वेगळ्या सेवेवर राहू द्या. इथे एक छुपा खड्डा आहे: सीपॅनेलवर एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठे पोचवायची ते सांगणारी डोमेनची नोंद) बहुधा तुमच्या डोमेनकडेच बोट दाखवत असतो. साइटसाठी ए रेकॉर्ड, म्हणजे डोमेनचा आयपी, बदललात की मेलही नव्या सर्व्हरच्या दारात जाऊन आपटते. म्हणून आधी मेलसाठी वेगळं सबडोमेन करून ते जुन्या आयपीवर ठेवा, एमएक्स तिकडे वळवा.

डीएनएसचा (डोमेनच्या नोंदींचा) टीटीएल, म्हणजे जुनी नोंद किती सेकंद लक्षात ठेवायची तो आकडा, ८६४०० असेल तर निदान एक दिवस आधी ३००वर आणा. डेटाबेसचा डंप, म्हणजे सगळ्या डेटाची प्रत, यूटीएफ८एमबी४ या अक्षरसंचात घ्या. लॅटिन१मध्ये घेतलात तर देवनागरी मजकूर प्रश्नचिन्हांच्या ओळी होऊन उतरू शकतो. स्वतःच्या मशीनवरच्या होस्ट्स फाइलमध्ये नवा आयपी टाका, म्हणजे नवा सर्व्हर फक्त तुम्हालाच दिसेल, आणि साइट आतून तपासा: लॉगिन, फॉर्म, पेमेंट. दुकान असेल तर शेवटची कॉपी घेताना ऑर्डर थांबवा. आणि जुनं खातं साइट हलली म्हणून लगेच बंद करू नका. मेल अजून तिथेच आहे.