हायस्कूलचे रोजचे वार्तापत्र: खेळाचे पान निर्भीड, बातम्यांचे पान भिडस्त

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमधून शाळा भरते त्या प्रत्येक दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर दोन पानांचे वार्तापत्र येते आणि त्याचीच छापील प्रत दुसऱ्या दिवशी प्रार्थनेपूर्वी दर्शनी फलकावर लावली जाते. पहिल्या पानावर शाळेच्या बातम्या व सूचना आणि दुसऱ्यावर खेळ, अशी त्याची मांडणी आहे. मजकूर आठवी ते दहावीचे विद्यार्थी लिहितात, मराठीचे शिक्षक तो तपासतात आणि क्रीडा शिक्षक गुणफलक पडताळून देतात. पालक म्हणून हे अंक नियमितपणे वाचल्यावर माझे मत असे झाले आहे की, वार्तापत्र मुळात खेळाच्या पानासाठी वाचावे आणि पहिले पान सूचनांपुरते पाहावे.

खेळाच्या पानाचे मोठे बळ म्हणजे ते पराभवाची बातमी देते. आपल्या भागात शालेय स्पर्धांची बातमी म्हणजे जिंकलेल्या संघाचे छायाचित्र, करंडक आणि खाली ‘मुख्याध्यापकांचे प्रोत्साहन व क्रीडा शिक्षकांचे मार्गदर्शन लाभले’ हे ठरलेले वाक्य, इतकेच समीकरण झाले आहे. हरलेला संघ कोणत्या डावात मागे पडला हे कोणी छापत नाही. या वार्तापत्रात मात्र खो-खोच्या सामन्याचा अहवाल वाचताना संरक्षकांची तीन जणांची पहिली तुकडी किती मिनिटे टिकली, दुसरी किती लवकर संपली आणि आक्रमणात खांबाजवळचे गडी कोणी टिपले, हे सारे क्रमाने मिळते. तालुका पातळीवरील कबड्डीच्या एका अहवालात नववीच्या विद्यार्थ्याने लिहिले होते की, शेवटच्या चढाईच्या वेळी समोर पाचच खेळाडू उरले असल्यामुळे बोनस मिळण्याची शक्यता नव्हती, तरीही चढाईपटू बोनस रेषेकडे झेपावला आणि पकडला गेला. बोनस गुणासाठी मैदानात किमान सहा बचावपटू असावे लागतात, हा नियम त्या एका वाक्यात अनेक पालकांना प्रथमच कळला असेल. चढाईपटू लेखकाचा वर्गमित्र होता, पण बातमीत त्याला दूषणही नव्हते आणि सांत्वनही नव्हते, केवळ निर्णय चुकला एवढेच होते. जिल्ह्याच्या दैनिकांतसुद्धा इतकी नेमकी शालेय क्रीडाबातमी मला क्वचितच वाचायला मिळाली आहे.

मैदानी स्पर्धांचे वृत्त त्या मानाने कोरडे असते. शंभर मीटर, लांब उडी, गोळाफेक यांचे क्रमांक येतात, वेळ आणि अंतर बहुधा गाळले जाते. त्यामुळे तालुक्यात पहिली आलेली मुलगी जिल्ह्याच्या स्पर्धेत कितपत टिकाव धरेल, याचा अंदाज बांधता येत नाही. ‘जिल्हा’ हा शब्दही सैलपणे वापरला जातो. बेळगाव जिल्ह्यात बेळगाव आणि चिकोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत. खानापूर पहिल्यात येतो, तर निपाणी, अथणी, रायबाग, हुक्केरी, गोकाक दुसऱ्यात. एकाच हंगामात निपाणीकडचा एक संघ आणि आपल्याकडचा एक संघ असे दोघेही ‘जिल्हा विजेते’ म्हणून कसे छापले जातात, हे निपाणीला सोयरीक असलेल्या वाचकांना उलगडत नाही. कंसात एक शब्द वाढवला तरी हा घोळ मिटेल.

मुलींच्या खेळांकडे झालेले दुर्लक्ष हा याहून गंभीर दोष आहे. कर्नाटकातील शाळांत थ्रोबॉल मुलींमध्ये लोकप्रिय आहे आणि या शाळेचा संघही चांगला खेळतो. तरी कबड्डीला अर्धे पान आणि थ्रोबॉलला दोन ओळी, असा हिशेब वर्षभर चालतो. लिहिणाऱ्यांत मुलींची नावे कमी दिसतात, त्याचाच हा परिणाम असावा.

पहिल्या पानाची गोष्ट वेगळी आहे. तेथे पाहुण्यांचे स्वागत, दीपप्रज्वलन, सूत्रसंचालन आणि आभार यांच्या याद्या इतक्या लांबतात की कार्यक्रमात नेमके काय सांगितले गेले, हे शोधूनही सापडत नाही. प्रतिभा कारंजी या शालेय कलागुणांच्या स्पर्धेत आपल्या मुलांनी कोणते नाटुकले सादर केले, याची उत्सुकता असलेल्या पालकाला परीक्षकांच्या सत्काराचे वर्णन वाचावे लागते. प्रयोगशाळेतील साहित्य, पिण्याचे पाणी, गावाकडे जाणाऱ्या शेवटच्या बसची वेळ, यांबद्दल मुले रोज बोलत असणार. पण त्यातले काही या पानावर उतरत नाही. क्रीडा शिक्षक जसे मुलांना सामना जसा झाला तसा लिहू देतात, तशी मोकळीक येथे कोणी देत नसावे.

तरीही एका कामासाठी हे पान मोलाचे आहे. शिक्षण खात्याची परिपत्रके कन्नडमध्ये येतात आणि वाड्यावस्त्यांवरील बऱ्याच पालकांना ती वाचता येत नाहीत. वार्तापत्र त्यांचा मराठी गोषवारा त्याच दिवशी देते: शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत, बस पाससाठी लागणारी कागदपत्रे, दहावीच्या परीक्षा अर्जातील दुरुस्त्या. दहावीच्या एकूण ६२५ गुणांपैकी प्रथम भाषेला १२५ आणि उरलेल्या पाच विषयांना प्रत्येकी १०० गुण असतात, हा तपशीलही त्यांनी चौकटीत दिला होता. महाराष्ट्रातील नातेवाइकांच्या मुलांशी गुणांची तुलना करत बसणाऱ्या घरांत त्याचा उपयोग झाला असेल.

पावसाळ्यात मात्र पाच वाजताची वेळ तोकडी पडते. जांबोटी, कणकुंबीकडे पावसाचा जोर वाढला की सुट्टीचा आदेश जिल्हाधिकाऱ्यांकडून रात्री येण्याचा प्रसंग घडतो आणि तोवर गटागटांवर खोटे संदेश फिरू लागतात. अशा वेळी वार्तापत्राच्या नावाने रात्री एका ओळीची खात्रीची सूचना आली, तर सकाळी रेनकोट घालून रस्त्यावर उभी राहणारी मुले घरी थांबतील.

वार्तापत्र विनामूल्य आहे आणि कार्यालयात मोबाइल क्रमांक नोंदवला की माजी विद्यार्थ्यांनाही मिळते. फोनवर वाचताना अक्षरे बारीक वाटतात, तेव्हा ज्येष्ठांनी फलकावरची प्रत वाचणे सोयीचे. ऑक्टोबरातील दसऱ्याच्या सुट्टीत अंक बंद असतो. संघांचा सराव मात्र त्या काळातही चालू राहतो, आणि त्याची एखादी साप्ताहिक टिपणी तरी द्यावी अशी मागणी मी कार्यालयाकडे लेखी केली आहे.