सून म्हणून आलेली हेर : ‘कॉलिंग सहमत’

हेरकथेतील नायक बहुधा चोरवाटेने शत्रूच्या मुलखात शिरतो. हरिंदर सिक्का यांच्या ‘कॉलिंग सहमत’ या इंग्रजी कादंबरीची नायिका मात्र नवरी होऊन, दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांच्या आशीर्वादाने सीमा ओलांडते. २००८ साली आलेली ही कादंबरी २०१८ मध्ये मेघना गुलजार यांच्या ‘राजी’ या चित्रपटामुळे नव्याने वाचली गेली. चित्रपट पाहिलेल्यांना कथानकाचा सांगाडा ठाऊक असेलच, तरीही पुस्तक स्वतंत्रपणे वाचण्याजोगे आहे.

सहमतचे वडील काश्मीरमधील व्यापारी आहेत आणि पाकिस्तानशी चालणाऱ्या व्यवहाराच्या आडून ते भारतासाठी माहिती मिळवतात. कर्करोगाने गाठल्यावर ते हे काम दिल्लीत शिकणाऱ्या आपल्या मुलीवर सोपवतात, आणि ती एका पाकिस्तानी ब्रिगेडियरच्या मुलाशी, इक्बालशी, लग्न करते. काळ १९७१ च्या युद्धाच्या तोंडावरचा आहे.

कादंबरीचा खरा कस लागतो तो सासरच्या घरात. सहमतचे मुख्य हत्यार म्हणजे सासरच्यांनी तिच्यावर टाकलेला विश्वास. मोर्स लिपीतील संदेश वगैरे गोष्टी त्यानंतर येतात. सासऱ्यांची मर्जी सांभाळणे, जावेशी जिव्हाळा जोडणे, अधिकाऱ्यांच्या मुलांना गाणे शिकवण्याच्या निमित्ताने मोठ्या घरांत ऊठबस वाढवणे, हे सारे कोणतीही हुशार सून करील असेच आहे आणि म्हणूनच ते वाचताना अंगावर काटा येतो. संशय येतो तोही वरिष्ठ अधिकाऱ्यांना नव्हे, तर घरातल्या जुन्या नोकराला, अब्दुलला. घरात कोण कधी कुठे असते याची नोंद नोकरमाणसांइतकी कोणीच ठेवत नाही, हे लेखकाने नेमके हेरले आहे. अब्दुलला गाडीखाली चिरडण्याचा प्रसंग सिक्का यांनी फारसा न सजवता लिहिला आहे, आणि नवथर मुलीची खुनी होते ती त्या काही क्षणांत.

प्रेमकथेच्या बाजूने मात्र पुस्तक उणे पडते. दिल्लीत मागे राहिलेला प्रियकर अभिनव हा आदर्श त्यागमूर्तीपलीकडे फारसा जात नाही. याउलट इक्बाल सभ्य आहे, बायकोवर मनापासून जीव लावणारा आहे, आणि तिची खरी कोंडी त्याच्या चांगुलपणामुळेच होते. वाईट नवऱ्याला फसवणे सोपे गेले असते! या नात्याला आणखी पन्नासेक पाने मिळायला हवी होती. चित्रपटाने ही उणीव ओळखून इक्बालला अधिक वाव दिला, असे माझे मत आहे.

लेखक स्वतः नौदलात अधिकारी होते. कारगिल युद्धाच्या काळात भेटलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याने सांगितलेल्या त्याच्या आईच्या हकिकतीवर ही कथा बेतल्याचे ते सांगतात. नायिकेचे नाव बदललेले आहे. सहमतने पाठवलेल्या माहितीमुळे ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवरचे संकट टळले, असे कादंबरी सुचवते. नोंदलेला इतिहास एवढे सांगतो की, ‘विक्रांत’च्या मागावर आलेली पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी ३ आणि ४ डिसेंबर १९७१ च्या दरम्यानच्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडाली, त्या वेळी ‘विक्रांत’ अंदमानकडे हलवलेली होती, आणि ती विशाखापट्टणमजवळच असल्याचा आभास निर्माण करण्यासाठी ‘राजपूत’ या जुन्या विनाशिकेचा वापर झाला. ‘गाझी’ नेमकी कशी बुडाली याबद्दल दोन्ही देशांचे म्हणणे आजही वेगळे आहे. त्यामुळे या भागाकडे कादंबरी म्हणूनच पाहावे, पुरावा म्हणून नव्हे.

भाषा साधी, वेगवान आणि काही ठिकाणी अहवालासारखी कोरडी आहे. प्रसंगाने जे आधीच सांगून झाले आहे तेच निवेदक पुन्हा देशभक्तीच्या जड शब्दांत समजावू लागतो, तेव्हा संपादकाची कात्री आठवते.

सहमत परतल्यानंतरचा भाग चित्रपटाने जवळजवळ गाळला आहे आणि केवळ त्यासाठीही पुस्तक हाती घ्यावे. ज्यांचे मीठ खाल्ले त्यांनाच संपवल्याचा सल तिला आतून पोखरत जातो, ती पाने प्रामाणिक उतरली आहेत. दुर्दैवाने पंजाबातील मालेरकोटल्यात ती स्थायिक झाल्यावर लेखक तिला हळूहळू साध्वीच्या आसनावर बसवतो, आणि इक्बालच्या घरात वावरणारी ती धीट, अपराधी, हिशेबी बाई आपल्या हातून निसटते.