युरिया की अमोनियम सल्फेट: नत्र कुठे गळतो?

युरियात 46 टक्के नत्र, अमोनियम सल्फेटमध्ये साधारण 21. म्हणजे 100 किलो युरियाचे काम करायला दुसरे खत जवळजवळ 220 किलो टाकावे लागते. मात्र त्यातून 24 टक्के गंधकही मिळते.

युरियाचा खरा धोका पहिल्या आठवड्यातच असतो. ओलसर मातीवर दाणा विरघळला की मातीतले युरिएज हे विकर (एंझाइम) त्याचे अमोनियात रूपांतर करते. दाण्याभोवतीच्या चिमूटभर मातीचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) 8 च्याही वर चढतो आणि अमोनिया वायू होऊन उडून जातो. ऊन, वारा आणि वर पडलेला पालापाचोळा असेल तर नुकसान आणखी वाढते. म्हणून खत 5 सेंमी खोल मातीआड करा, नाहीतर लगेच 12-15 मिमी पाणी द्या. पाणी बेताचेच हवे, कारण अजून अमोनियात न बदललेल्या युरियावर विद्युतभार नसतो; तो मातीकणांना न चिकटता पाण्याबरोबर खाली उतरतो.

अमोनियम सल्फेट आम्ल जमिनीत सहसा असे उडत नाही. चुनखडीच्या जमिनीत मात्र तेही फसवते. शिवाय ते जमीन लवकर आंबट करते: प्रचलित हिशेबाने तो आंबटपणा मोडायला दर किलो नत्रामागे 5.4 किलो चुना (कॅल्शियम कार्बोनेट) लागतो, युरियाला 1.8.

मातीतल्या जिवाणूंनी नत्राचे नायट्रेट केल्यावर दोन्ही खतांतले नत्र पाण्याबरोबर सारखेच वाहून जाते. तिथे उपाय एकच, मात्रा हप्त्यांनी देणे.

आमचा कल: सामू 5.5 खाली असेल तर गाडलेला युरिया. गंधक कमी आणि सामू 6.5 ते 7 असेल तर अमोनियम सल्फेट.