निम्मी फी माफ की बिनतारण कर्ज?

सीईटीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न: इंजिनीअरिंगचे पैसे आणायचे कुठून? वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर दोन दारं ठोठावता येतात. राज्याची राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने मंजूर केलेली पीएम विद्यालक्ष्मी ही शैक्षणिक कर्ज योजना.

मुलगी ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) किंवा ओबीसी असेल तर फार डोकं खाजवू नका. 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी तिला पूर्ण माफ आहे. फक्त प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातली सीट घेतलीत की सवलत गेली.

पेच मुलाचा. शाहू योजनेत निम्मीच शिकवणी फी सुटते; होस्टेल, मेस आपल्याच खिशातून. विद्यालक्ष्मीत तारण नको, जामीनदार नको. व्याजात 3 टक्के सवलत मिळते, पण 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर, शिक्षण आणि पुढचं एक वर्ष एवढ्याच काळात, देशभरात वर्षाला 1 लाख विद्यार्थ्यांना. आणि बारीक अक्षरातली गोष्ट: दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्याला ही सवलत नाही. म्हणजे दोन्ही दगडांवर पाय नाही.

आकडे मांडू. समजा चार वर्षांचा खर्च 8 लाख, त्यात फी 5 लाख 60 हजार. निम्मी सुटली तर 5 लाख 20 हजार उभे करायचे. ते 10 टक्के सरळ व्याजाने वर्षावर्षाला काढले, तर पाचव्या वर्षाअखेर देणं 7 लाख 2 हजार. विद्यालक्ष्मीतून पूर्ण 8 लाख 7 टक्क्यांनी (10 वजा सवलतीचे 3) काढले, तर 9 लाख 96 हजार. जवळजवळ 3 लाखांचा फरक! उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर मान्यताप्राप्त तांत्रिक अभ्यासक्रमाला या काळातलं व्याज सरकारच भरतं. तरी मुद्दल 8 लाख उरतंच.

मग विद्यालक्ष्मी कधी? मुलाला सुरतकल किंवा वरंगळच्या एनआयटीत सीट मिळाली तेव्हा. महाराष्ट्राबाहेर शाहू योजना पोचत नाही. विद्यालक्ष्मीचं कर्ज मात्र केंद्राच्या यादीतल्याच संस्थांसाठी; सुरुवातीला यादीत 860 संस्था होत्या. त्यामुळे गावाजवळचं साधं खासगी कॉलेज यादीत नसेल, तर वाद तिथेच मिटला.

एक खटकतं. दोन्ही योजना शासन निर्णयावर उभ्या आहेत, कायद्यावर नाहीत. पैसे उशिरा आले तर हक्क म्हणून भांडायला फारसं काही हाती नसतं, आणि काही कॉलेजं तोवर पूर्ण फी आधी भरा म्हणतात. पहिल्या हप्त्यापुरती रक्कम जवळ ठेवाच. उत्पन्नाचा दाखला तर दोन्हीकडे लागतो. तहसीलमध्ये जूनची गर्दी व्हायच्या आत काढून घ्या.